सूर्याची हजेरी

सूर्य रोज उगवतो यावर जगातल्या झाडून सगळ्या माणसांचा विश्वास आहे. नव्हता तो फक्त माझ्या आतेदिरांचा. आतेदीर म्हणजे माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ, वयाने त्याच्याहून बरेच मोठे, आणि आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. रोज पहाटे उठून सूर्य आला की नाही, आला तर ठरल्या जागी आला की इकडेतिकडे भरकटला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा गृहस्थ चहाच्या कपाला हात लावत नसे. त्यांचे वडील नागपूरला रेल्वेच्या यार्डात गँगमनची हजेरी घ्यायचे. मुलाने हजेरी घ्यायला थेट सूर्य निवडला, एवढाच काय तो दोन पिढ्यांत फरक. "वहिनी, येते तर तो रोजच," ते मला म्हणायचे, "पण कुठून येते ते पाहा ना! उद्या दुसऱ्याच दाराने आला तर आपल्याला कळायला नको?" आणि असा माणूस राहायला कुठे, तर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. तिथे वर्षातले पाच महिने सूर्य आला काय नि न आला काय, अंगाला पत्ता लागत नाही, आणि जमीन अशी सपाट की पोळपाटाने मान खाली घालावी.

पेशाने भाऊजी पुरातत्त्वाचे प्राध्यापक. नागपूरहून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले आणि मेक्सिकोतल्या एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी जे खणायला बसले ते निवृत्त होईपर्यंत उठले नाहीत. त्या ज्वालामुखीचं नाव पोपोकातेपेत्ल. हे नाव आमच्या घरात कोणाच्या जिभेला पेलेना, तेव्हा भाऊजींनी स्वतःच बारसं करून त्याला 'पोपटराव' केलं आणि पुढे एखाद्या तापट थोरल्या जावयाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलू लागले. पोपटराव आज गप्प आहेत. पोपटरावांचं पोट बिघडलंय. त्या डोंगरावर रोखलेला एक कॅमेरा इंटरनेटवर बघता येतो. भाऊजींच्या टॅबलेटवर तो कायम सुरू असायचा. मी ऑफिसात नेमकी महत्त्वाच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन यायचा. घाबरंघुबरं होऊन बाहेर जाऊन उचलावा, तर पलीकडून दबक्या आवाजात, "वहिनी, पोपटराव खोकले." मॅनेजरला मी सांगून ठेवलं होतं की फॅमिलीत एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना छातीचा त्रास आहे. तो भला माणूस अजूनही कधीमधी लिफ्टमध्ये विचारतो, "हाऊ इज मिस्टर राव?"

पण भाऊजींचं खरं दर्शन घडायचं ते त्यांनी होकायंत्र बाहेर काढल्यावर. होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई भलतीकडे ओढली जाते, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. त्यामुळे दिशा मोजायची म्हटली की आधी मनगटावरचं घड्याळ निघे, मग किल्ल्या, मग पेन, आणि सगळ्यात शेवटी कमरेचा पट्टा, कारण पट्ट्याला बक्कल. भाऊजींची अंगकाठी अशी की पट्टा ही त्यांच्या बाबतीत शोभेची वस्तू नव्हती. एका हातात होकायंत्र, दुसऱ्या हाताच्या मुठीत पँट, आणि चेहऱ्यावर आता साक्षात सत्य सापडणार असा भाव. आम्ही त्यांच्या जवळच नवीन घर घेतलं त्या दिवशी बुद्धवंदना आटोपून पाहुणे जेवायला बसणार, तोच भाऊजी उंबरठ्यावर उभे राहून पट्टा सोडायला लागले. माझ्या माहेरची मावशी पुण्याहून आली होती. ती ताट तसंच ठेवून किचनमध्ये पळाली आणि मला म्हणाली, "हे तुमच्याकडे नेहमीचं आहे का गं?" भाऊजींनी शांतपणे सुई स्थिर होऊ दिली, पँट सावरली आणि जाहीर केलं, "ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य दारातून सरळ तुमच्या फ्रीजवर येईल." हाच त्यांचा आहेर. आणि खरंच, दर ऑक्टोबरअखेर एका सकाळी आमचा फ्रीज सोन्यासारखा उजळतो, आणि आमची मुलगी वर न बघता सीरियल खात म्हणते, "मॉम, काकाज थिंग इज हॅपनिंग."

हा आहेर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी वास्तुशास्त्र समजून डोक्यावर घेतला आणि भाऊजींच्या मागे लचांड लागलं. एका जोडप्याने त्यांना खास जेवायला बोलावलं आणि खीर वाढता वाढता हळूच विषय काढला की टॉयलेट ईशान्येला आलंय, काय करावं. भाऊजी म्हणाले, "उत्तम झालं! सकाळी उजेड येईल. पुस्तक घेऊन बसत जा." त्यानंतर त्या घरी त्यांना बोलावणं आलं नाही, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण खिरीत साखर कमी होती.

त्यांच्या ताटाकडे पाहूनही त्यांचा धंदा ओळखता यायचा. पिठलं वाढलं की ते आधी त्याचा डोंगर करणार, बोटाने वर खळगा पाडणार, खळग्यात तेल सोडणार, आणि मग जवसाची चटणी फुंकून पिठल्याच्या एका अंगावर उडवणार, कारण वारा तिकडून होता. "ही राख. अन् हे इथं, भाताच्या शिताएवढं," बोट ठेवून म्हणणार, "हे माझं गाव." पोपटरावांच्या पश्चिम उतारावरची ती दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. पोपटराव एकदा असे काही खवळले की सगळी वस्ती राखेखाली गेली. भाऊजींनी राख बाजूला केली तेव्हा खाली शेतातल्या सऱ्या जशाच्या तशा होत्या, काल कोणी ओढल्यासारख्या. घरांच्या अंगणात ज्वालामुखीच्या आकाराची बुटकी देवळं होती. आत निखारे ठेवले की शेंड्यातून धूर निघावा अशी. घराघरात एकेक छोटे पोपटराव! पाहुण्यांना हे सांगताना भाऊजींचं पिठलं गार व्हायचं, आणि ज्याला हे आधी सांगून झालंय असा माणूस, म्हणजे बहुधा मीच, ते गरम करून आणायचा.

त्या वस्तीच्या कडेला दगडांचा एक चौथरा होता. फार मोठा नव्हे, आपल्या गावाकडच्या पारापेक्षा जरा उंच. भाऊजींचं सगळं आयुष्य त्या चौथऱ्यावर उभं होतं. विद्वान लोक म्हणत की आकाश बघणं, दिवस मोजणं, पेरणीचा दिवस ठरवणं ही थोरामोठ्या देवळांतल्या पुरोहितांची कामं. दगड वाहणाऱ्यांना त्यातलं काय कळतंय? भाऊजी म्हणत, कळत होतं. या चौथऱ्यावरून पाहिलं की एप्रिलच्या अखेरीस, मक्याच्या पेरणीच्या तोंडावर, सूर्य नेमका पोपटरावांच्या तोंडातून वर येतो. म्हणजे दगड वाहणाऱ्यांचं स्वतःचं पंचांग होतं. डोंगर हेच त्यांचं पान.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या गावी पंचांग सांगणारा आमच्या वस्तीत पाऊल टाकत नसे. "पण एक गंमत पाहा," भाऊजी म्हणाले, "आम्हाला त्यांनी गावाच्या पूर्वेला ठेवलं होतं, की आमच्यावरचा वारा त्यांच्या अंगावर जाऊ नये. त्यांच्या ध्यानातच आलं नाही की सूर्य तिकडूनच येते. गावात जायच्या आधी तो रोज आमच्याकडे थांबून जायचा." आणि मग इतके हसले, इतके हसले, की मला उठून त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

या सगळ्यात एकच खोट होती. सूर्य पोपटरावांच्या तोंडातून वर येताना भाऊजींनी स्वतः कधी पाहिलाच नव्हता. चौथऱ्यावरून शिखराची दिशा त्यांनी तरुणपणी मोजली आणि तारीख गणिताने काढली. एप्रिलअखेर म्हणजे परीक्षांचे दिवस; रजा मिळे ती थंडीत नाहीतर उन्हाळ्यात. दोनदा हट्टाने त्या दिवसावर गेले. एकदा ढग होते, आणि एकदा पोपटरावांनीच राख उडवून रस्ता बंद केला. हल्ली उपग्रहाच्या नकाशावर हे घरबसल्या ताडून पाहता येतं, असं मी एकदा आगाऊपणाने सुचवलं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या लग्नाचा दाखला मागितला. "वहिनी," ते म्हणाले, "मी पट्टा काढून मोजलंय."

आणि मग भाऊजींच्या किडन्यांनी राजीनामा दिला. दोघींनी एकदमच. जाऊबाई आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, हृदय इतकं थकलेलं की नवी किडनी बसवायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणजे आता मशीन हाच शेवटपर्यंतचा सोबती. आठवड्यातून तीन दिवस, पहाटेच्या पाळीला डायलिसिस. टायरच्या दुकानासमोर एका बैठ्या इमारतीत ते सेंटर होतं, आणि ऑफिसला जाण्याआधी त्यांना तिथे नेण्याआणण्याचं काम मी घेतलं. शून्याखाली कुठल्या कुठे गेलेल्या थंडीत, काळोखात, कानटोपी घातलेले भाऊजी माझ्या शेजारी बसून विचारायचे, "आज ढग आहेत का हो?" केळं बंद, टोमॅटो बंद, डाळ बंद, पाणी घोटाघोटाने. पिठल्याचा डोंगर तर कायमचा विझला. त्या माणसाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. डॉक्टरला त्यांनी एकच विचारलं, एप्रिलअखेर गाठेन का? डॉक्टर म्हणाला, आपण एका वेळी एका आठवड्याचा विचार करू. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण पंचांग पाहत नाही."

एप्रिलअखेरचं कारण असं की त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, लुपे नावाची, आता स्वतः प्रोफेसर झालेली, त्या दिवशी चौथऱ्यावर जाऊन उभी राहणार होती. फोनवरून थेट दाखवणार होती. भाऊजींना आयुष्याकडून आता तेवढंच येणं होतं: ती सकाळ गाठायची, आणि पोपटरावांच्या तोंडातून निघालेला सूर्य एकदा बघायचा.

सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी गोंधळ घातला. टीव्हीसमोरची चांगली खुर्ची नको म्हणाले, खिडकीकडची हवी. त्यातही एकीत बसून पाहिलं, दुसरीत बसून पाहिलं, शेवटी तिसरी पुढेमागे करून एका जागी पक्की केली आणि तिच्या चाकांभोवती जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावायला मला लावली. नर्सला वाटलं, बिचाऱ्याला बाहेरचं दृश्य हवंय. दृश्य काय, तर पार्किंग लॉट, उजव्या हाताला टायरचं दुकान, मग भाड्याच्या गोदामांची रांग, मग एका चर्चचा सुळका, आणि डावीकडे शहराच्या पाण्याची उंच गोल टाकी. भाऊजी त्या टाकीकडे बघून म्हणाले, "हे आपले इथले पोपटराव." खुर्ची त्यांनी अशी बेतली होती की सूर्य टाकीमागे यायचा तोही एप्रिलअखेरच.

नियमाप्रमाणे नातेवाइकांनी आत थांबायचं नाही. पण मी मंडळाच्या नाटकांतून पंधरा वर्षं कामं केलेली बाई. मी नर्सला सांगितलं की यांना इंग्रजी येत नाही, मी दुभाषी आहे. तीस वर्षं अमेरिकन पोरांना इंग्रजीतून शिकवलेला हा माणूस मग माझ्या तोंडाकडे निरागसपणे बघत बसायचा. नर्स विचारायची, सुई टोचताना दुखतंय का? मी मराठीत विचारायची. भाऊजी म्हणायचे, "तिला सांगा, दुखते, पण तिच्या हातचं दुखणं सुबक आहे." मी सांगायची, "ही सेज नो." हे महिनाभर सुरळीत चाललं. मग एकदा सूर्य डिसेंबरात उजवीकडे जाऊन टायरच्या दुकानापाशी कसा थबकतो आणि मागे का वळतो, हे भाऊजी त्याच नर्सला अस्खलित इंग्रजीत समजावून सांगू लागले, आणि मला बघून मध्येच थांबले. नर्स म्हणाली, "डोंट स्टॉप, प्लीज." माझ्याकडे वळून हसली, आणि मला बाहेर काही काढलं नाही.

खुणा करायला त्यांना काहीतरी हवं होतं. माझ्या गाडीत नाटकासाठी आणलेली टिकल्यांची पाकिटं पडलेली असत. तर सूर्याची कड दिसली की ते खुर्चीत डोकं टेकवून एक डोळा मिटायचे, आणि मी खिडकीच्या काचेवर, ते सांगतील तिथे, टिकली लावायची. "डावीकडे. अजून. अवो, काहून एवढ्या पुढे जाऊन राहिल्या? मागे या. बस." लाल टिकल्यांची एक ओळ टायरच्या दुकानावरून निघून हळूहळू डावीकडे चालू लागली.

शेजारच्या खुर्चीत हँक नावाचा गोरा म्हातारा होता. जन्मभर शाळेची बस चालवलेला, दारासारखा रुंद. त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते. पहिले दोन आठवडे तो नुसता गुरगुरला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "हे डाग कशाचे?" भाऊजींनी सांगितलं. हँक बराच वेळ काचेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तो चाललाय तरी. मला वाटलं होतं इथे काहीच हलत नाही." त्या दिवसापासून सगळ्या वॉर्डाला नाद लागला. अमेरिकेत सगळ्यांच्या हातात फोन, फोनमध्ये तारीख; पण तिथे कोणी तारीख म्हणेना. हँकच्या नातीचा वाढदिवस गोदामांच्या मधोमध. नर्सची सुट्टी गोदामं संपल्यावर. पलीकडे एक सोमाली बाई असायच्या, भाऊजी त्यांना मराठीतूनच मावशी म्हणत आणि त्या उलट त्यांना सोमालीतून काहीतरी म्हणत; दोघांचं छान जमायचं. एका सकाळी त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्याच माणसाचं पांघरूण होतं. तिथे कोणी काही विचारत नाही. पांघरूण बदललं की समजायचं. काही दिवसांनी नव्या माणसाने विचारलं, आधी इथे कोण होतं? हँक म्हणाला, "एक चांगली बाई. चर्चपाशी गेली." आणि नव्या माणसाला वाटलं की ही प्रार्थनेला गेली असेल.

सूर्य चर्च ओलांडून टाकीच्या दिशेने निघाला आणि भाऊजी बारीक बारीक होत गेले. आता पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागत होती. पोपटरावांच्या दिवसाला दोनच पाळ्या उरल्या असताना, मशीन चालू असतानाच लुपेचा फोन आला. भाऊजींनी तो स्पीकरवर ठेवला. ती त्यांना 'प्रोफे' म्हणायची.

"प्रोफे," ती अडखळत म्हणाली, "मी उपग्रहाच्या नकाशावर दिशा पुन्हा काढली. चार वेळा काढली. ती जुळत नाहीये."

"मी पट्टा काढून मोजलंय, लुपे."

"माहीत आहे. आम्ही सगळे तुमच्याकडूनच शिकलो ते." ती म्हणाली. "मोजताना तुम्ही उभे कुठे होतात?"

"चौथऱ्यावर. मधोमध."

"आणि चौथरा कसला आहे, प्रोफे?"

 मशीन घरघरत होतं. भाऊजींनी डोळे मिटले आणि अगदी हळू मला म्हणाले, "दगडाचा. वहिनी, काळ्या दगडाचा. पोपटरावांच्याच." ज्वालामुखीचा थिजलेला रस तो, त्यात लोखंड. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, आणि पायाखालचा आख्खा चौथरा सुईला ओढत उभा होता. भाऊजींचे खांदे हलू लागले. मी घाबरून जवळ गेले, तर ते हसत होते. "एका हाताने पँट धरून!" ते म्हणत होते, "अवो, भर उन्हात, एका हाताने पँट धरून!" ब्लडप्रेशरचं यंत्र किंचाळायला लागलं तेव्हा नर्सने येऊन आम्हाला दोघांनाही दटावलं. फोनवर लुपे रडत होती. भाऊजी तिला म्हणाले, "रडायचं काय त्यात? ठरल्या दिवशी तिथे जाऊन उभी राहा. नकाशाही कधी चुकतो. सूर्याला विचारू."

त्या सकाळी आधी आमचा सूर्य आला. टाकीच्या मागून. टाकीचा गोल घुमट आधी काळाकुट्ट झाला, मग त्याला कडेने सोन्याची किनार आली, आणि मग एकदम सगळं भगभगलं. हँकने तोंडाने बसच्या भोंग्याचा असा आवाज काढला की पलीकडचा माणूस झोपेतून दचकला. कोणी टाळ्या वाजवल्या. एका हातात नळ्या असल्या की लोक मांडीवर थापटून टाळ्या वाजवतात. मी टिकली लावली. भाऊजी टाकीकडे बघून नुसते "हां" म्हणाले आणि टॅबलेट मागितला. मेक्सिकोत सूर्य आपल्यानंतर येतो.

पडद्यावर पोपटराव उभे होते, निळे, स्वच्छ, डोक्यावर धुराची बारीक शेंडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक ढग नव्हता. लुपेचा श्वास ऐकू येत होता. शिखरामागचं आकाश उजळलं, आणि मला, खोटं कशाला बोलू, वाटलं की येणार, तोंडातूनच येणार, नकाशाच चुकलेला असणार. आणि मग प्रकाशाचा ठिपका उमटला तो शिखराच्या उजवीकडे, बराच खाली, नुसत्या उतारावर. तिथे काही नव्हतं. ना खळगा, ना खाच. कुठूनही यावा तसा तिथून सूर्य आला.

भाऊजी शेवटपर्यंत बघत राहिले. पूर्ण बिंब वर येईपर्यंत. मग टॅबलेट पोटावर पालथा ठेवला. "पोपटराव नाही म्हणाले," ते म्हणाले.

हँकने विचारलं, "काय झालं?"

"मी चुकलो, हँक."

"किती दिवस?"

"उभं आयुष्य."

हँकने थोडा विचार केला. "मी एकदा बसभर पोरं भलत्याच शाळेत उतरवून आलो होतो," तो म्हणाला. "संध्याकाळी आणायला गेलो, तर कोणाला यायचंच नव्हतं."

त्याच आठवड्यात भाऊजींनी आपलं जुनं म्हणणं मागे घेणारा लेख लुपेला फोनवर सांगून लिहून घेतला. पट्ट्याची हकीगतही त्यात घालायला लावली. तिने नको म्हणून खूप विनवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. सेंटरमधून परत येताना गाडीत मी चिडून विचारलं, "मग ती माणसं पेरायची तरी कशावरून?" भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माहीत नाही, वहिनी. काहीतरी असेलच त्यांचं. राख पडली की निघून जायचे, अन् थंड झाली की येऊन त्याच जागी पुन्हा सऱ्या ओढायचे. अशी माणसं दिवस मोजत नसतील काय?" जरा वेळाने म्हणाले, "मला सापडलं नाही, एवढंच." मग घराजवळ आल्यावर, "तसा सूर्य वर्षातून दोनदा येते तिथे. एकदा जाताना, एकदा परतताना. आपल्या टाकीवर ऑगस्टात पुन्हा येईल. त्याच टिकलीवर. पाहून ठेवा."

भाऊजी जुलैत गेले. झोपेत, आपल्या घरी, सूर्य डावीकडून वळून परतीला लागलेला असताना. फ्युनरल होममध्ये आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे राहिलो, त्रिशरण-पंचशील झालं, आणि माझ्या लक्षात आलं की खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे आणि त्यांचे पाय भलतीकडे आहेत. जाऊबाईंच्या वेळी भाऊजींनी तिथल्या मॅनेजरला बोलावून पेटी उगवतीकडे फिरवायला लावली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने कोट काढला, आणि आम्ही दोघांनी पेटी फिरवली.

ऑगस्टात सेंटरमधून नर्सचा फोन आला. हँक म्हणतोय, उद्या सकाळी या. टाकीचा दिवस आहे. मी गेले. भाऊजींच्या खुर्चीत आता हँक होता. ती खुर्ची त्याने भांडून मिळवली होती, असं नर्स म्हणाली. टीव्हीसमोरची जागा सोडून दोघेतिघे खिडकीकडे आले होते. काचेवर टिकल्यांची ओळ तशीच होती. काही लाल, काही उन्हाने गुलाबी पडलेल्या. एक नवी पोरगेलेशी मदतनीस हँकची खुर्ची जरा मागे घ्यायला गेली, तसा तो खेकसला, "चिकटपट्टीच्या बाहेर नाही! बाहेर नाही! आख्खं वर्ष बिघडवशील!" भाऊजीच बोलल्यासारखं वाटून मी चमकून मागे वळून बघितलं. नर्स डोळे पुसत हसत होती.

टाकी काळी झाली, तिला किनार आली. हँकने डोकं टेकवलं, एक डोळा मिटला. सूर्य एप्रिलमधल्या टिकलीच्या बरोबर मागे आला. टिकली क्षणभर निखाऱ्यासारखी पेटली आणि मग उजेडात दिसेनाशी झाली. कोणी भोंगा वाजवला नाही. हँक नुसता "हां" म्हणाला, अगदी भाऊजींच्या 'हां'सारखा.

मी निघताना त्याने विचारलं, "परत कधी?"

ऑफिसला उशीर झाला होता. मी म्हटलं, सूर्य टायरच्या दुकानापाशी पोचला की. आणि गाडीत बसून आधी पोपटरावांचा कॅमेरा लावला. मेक्सिकोत सूर्य यायला अजून वेळ होता. पार्किंग लॉटमध्ये गाडी चालू ठेवून मी तशीच बसून राहिले. तो येतोच, हे माहीत आहे मला. पण हल्ली बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.